रात्री जळणारे पाय, सकाळी अडकणारं बोट : मधुमेहवाले, इकडे या

सराफ्याची_सून | इंदूर | ९ जानेवारी, रात्री २:४७

नमस्कार मंडळी,

धागा काढायची ही वेळ नव्हे, पण झोप नाही. आमचं घर सराफ्याच्या मागच्या गल्लीत. सोन्याचांदीची दुकानं मिटली की त्यांच्याच ओट्यांपुढे खाण्याच्या गाड्या लागतात. या दिवसांत गराडू (थंडीतला कंद) तळल्याचा वास थेट आमच्या माजघरात येतो. दोनच्या सुमारास झारे थांबतात, शटरं पडतात. लग्न होऊन आले तेव्हा या गलबल्यात झोपायची सवय करून घ्यावी लागली होती. आता गलबला संपला की माझी पाळी सुरू होते.

वय ५७. शुगर १४ वर्षं, त्यातली १२ मेटफॉर्मिनवर. घरून फराळाच्या आणि पुरणपोळीच्या ऑर्डरी घेते, म्हणजे शब्दशः हातावरचं पोट.

आधी पाय. मिरच्यांचा ठेचा केल्यावर हात जळतात ना, तसे दोन्ही तळवे जळतात. फरक एवढाच की ताकात बुडवून शांत होत नाहीत. मधूनच अंगठ्यातून करंट जातो. दिवसा कामाच्या धबडग्यात कळत नाही, आडवं झालं की सुरू. चादरीचा स्पर्शसुद्धा नको होतो. शेवटी आमच्या ह्यांनी देवघरातला जुना चौरंग पलंगाच्या पायथ्याशी ठेवला. त्याच्यावरून गोधडी सोडतात आणि मी आत पाय सारते. तंबूच म्हणा. तरी मध्यरात्री उठून मोरीतल्या कोटा फरशीवर उभी राहते. पाच मिनिटं बरं वाटतं.

मग बोट. उजव्या हाताची अनामिका सकाळी मिटलेलीच असते. डाव्या हाताने धरून उघडावी लागते. 'टक्' होतं आणि डोळ्यांत पाणी येतं. तळहातावर, बोटाच्या मुळाशी हरभऱ्याएवढी गाठ लागते. गेल्या दिवाळीत सोऱ्याचा दांडा फिरवता येईना. चकलीच्या ऑर्डरी परत करायची वेळ बावीस वर्षांत पहिल्यांदा आली.

आणि डावा खांदा. ब्लाउजचा मागचा हुक, वेणी, वरच्या फळीवरचा डबा, सगळं बंद. त्या कुशीवर वळले की जाग येते.

आता गंमत ऐका. पायांसाठी एका ठिकाणी 'उष्णता आहे' म्हणून सब्जा आणि काशाच्या वाटीने तूप घासायला सांगितलं. बोटासाठी दुसरीकडे 'काम कमी करा'. खांद्यासाठी तिसरीकडे मानेचा पट्टा दिला. तो ह्यांनी कपाटावर ठेवलाय आणि माझा हात तिथवर पोचत नाही. तिघांनी तीन चिठ्ठ्या दिल्या, पण बाकी काय दुखतं हे एकानेही विचारलं नाही. दोन वर्षं गेली.

गेल्या महिन्यात नव्या डॉक्टरांकडे गेले. ते म्हणाले, "काकू, नमस्कार करा बघू." मला वाटलं थट्टा करतायत. केला. तळवे जुळेनात, मधून पेन्सिल जाईल एवढी फट. "या तिन्ही तक्रारींच्या मुळाशी शुगर आहे," म्हणाले. एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी, ९.१ आली. रडू नाही आलं, राग आला.

तर विचारायचं असं की आणखी कुणाला हे सगळं एकत्र आहे का? रात्र कशी काढता? हातांचं काम कसं चालवता? आणि घरच्यांना कसं पटवता? सासूबाई म्हणतात, "वरून तर काहीच दिसत नाही."

भिया_पलासियावाले | इंदूर | ९ जानेवारी, सकाळी ८:१०

काकू, पोहे-जिलेबी समोर ठेवून तुमचा धागा वाचला आणि प्लेट बाजूला ठेवून नमस्कार करून बघितला. माझे जुळले. समोर बसलेल्या वडिलांना करायला लावला. त्यांचे नाही जुळले. जिलेबी त्यांच्या हातात होती, ती मी खाल्ली.

वाचतोय. लिहीत राहा.

हाडवैद्य_नव्हे | वडोदरा | ९ जानेवारी, दुपारी १:३५

ताई, मी फिजिओथेरपिस्ट आहे. तुमच्या डॉक्टरांनी थट्टा केली नाही, नमस्काराची ही खूण खरोखर तपासतात. टेबलावर पंजा सपाट टेकतो का, तेही बघतात.

तुमच्याकडे दोन वेगळी दुखणी एका घरात राहायला आली आहेत. ती आधी वेगळी करा.

बोट, खांदा आणि न जुळणारे तळवे, हे कंडरांचं आणि सांध्यांच्या आवरणाचं दुखणं. हे सगळं कोलॅजन नावाच्या प्रथिनाचं बनलेलं असतं. रक्तात साखर वर्षानुवर्षं जास्त राहिली की ती या धाग्यांना चिकटते आणि धागे एकमेकांना धरून बसतात. तुम्ही फराळवाल्या आहात. चिरोट्याचे पदर सुटे असतात, पण पाक जास्त मुरून सुकला की एकच वडी होते. तसं. कोलॅजन शरीरात फार सावकाश बदलतं, म्हणून शुगर आटोक्यात आली तरी बोट महिन्याभरात सुटेल असं समजू नका.

बोट का अडकतं? कंडरा एका बोगद्यातून सरकते, परकराच्या नेफ्यातून नाडी सरकते तशी. नेफा आतून जाड झाला आणि नाडीला गाठ पडली की काय होईल? तुमचं 'टक्' म्हणजे ती गाठ जोर लावून पार झाल्याचा आवाज. सकाळी रेटून उघडू नका. कोमट पाण्यात हात धरा, मग हळूहळू. पाण्याचा अंदाज कोपराने किंवा घरातल्या दुसऱ्या माणसाने घ्यायचा. का, ते खाली कुणीतरी लिहीलच.

खांद्याचे टप्पे असतात. आधी दुखत दुखत आखडतो, मग दुखणं उतरतं पण आखडलेला राहतो, मग सुटत जातो. एक ते तीन वर्षं लागू शकतात. मधुमेहात हे जास्त जणांना होतं, रेंगाळतं आणि पुष्कळदा दुसऱ्या खांद्यालाही होतं. रात्री झोपमोड होतेय म्हणजे तुमचा बहुधा पहिला टप्पा. यात हात ओढून वर नेणारे मालिशवाले टाळा. ओणवं होऊन हात लोंबता सोडायचा आणि घड्याळाच्या लंबकासारखा हलू द्यायचा, किंवा भिंतीवर बोटांनी पाली-पाली वर चढायचं, एवढंच. दुखायला लागतं तिथे थांबायचं.

पायांचं मात्र नसेचं आहे. सर्वांत लांब नसांची टोकं आधी बिघडतात, म्हणून ते पावलांच्या बोटांपासून सुरू होतं आणि दोन्ही बाजूंनी मोज्यासारखं वर चढतं. या दुखण्याला साध्या वेदनाशामक गोळ्या फारशा लागू पडत नाहीत. माणूस मात्र रोज डायक्लोफेनॅक खात राहतो आणि किडनीची वाट लावून घेतो. नसेची औषधं वेगळी असतात, ती डॉक्टरच देतील. एकाच गोळीने पायांची जळजळही जाईल आणि बोटही सुटेल, असं होणार नाही.

दवाबाजार_३०वर्षे | इंदूर | ९ जानेवारी, रात्री १०:०५

ताई, मी दवाबाजारात औषधांच्या दुकानात आहे. डॉक्टर नाही, पण काउंटरवरून जे दिसतं ते सांगतो.

पहिली गोष्ट, बी-१२ तपासलंत का? बारा वर्षं मेटफॉर्मिन म्हणता. त्याने बी-१२ कमी होतं, आणि शाकाहारी असलात तर मुळातच कमी असतं. बी-१२ कमी झाल्यानेही अशाच मुंग्या आणि जळजळ होते. नुसत्या लक्षणांवरून कुठली कशाने, हे ओळखता येत नाही. पण म्हणून मेटफॉर्मिन मनाने बंद करू नका. काउंटरवर असं सांगितलं की लोक तेवढंच ऐकतात.

दुसरं. 'भैया, नसों की ताकत की गोली' मागणारे रोज वीस येतात. मल्टिव्हिटॅमिनच्या काही गोळ्यांत बी-६ भरपूर असतं. ते मोठ्या डोसमध्ये महिनोन्‌महिने घेतलं तर त्यानेच नसा खराब होतात. दोन वेगळ्या नावांच्या गोळ्या एकदम चालू असतील तर पाकिटं उलटी करून वाचा.

तिसरं कुणी सांगत नाही. पोट बिघडलं, लघवीला जळजळ झाली, की आपल्याकडे सिप्रो, लिव्हो, ओफ्लॉक्स मागून घेतात. या गटातल्या औषधांनी कंडरा सुजू शकते, तुटूही शकते, विशेषतः टाचेमागची. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, २००८ मध्ये यांच्यावर सर्वांत कडक इशारा छापायला लावला. साठीच्या पुढचे आणि स्टिरॉइड चालू असलेले लोक जास्त धोक्यात. शिवाय ही औषधं शुगर वरखाली करतात. गरज असेल तर डॉक्टर देतीलच, पण त्यांना आधी सांगा की मला शुगर आहे आणि कंडरांचं दुखणं आहे.

मधुमुक्त_जीवन | १० जानेवारी, सकाळी ११:२०

चुंबकीय चप्पल आणि आमचा खास काढा!! ४० दिवसांत नसा नव्या, इन्सुलिन कायमचं बंद. संपर्क

*[फोन नंबर आणि दुवा काढला आहे. जाहिराती नकोत. कुणीही इन्सुलिन बंद करू नये. – संपादक]*

भिया_पलासियावाले | इंदूर | १० जानेवारी, सकाळी ११:४२

चुंबकीय चप्पल घालून आमच्या लोखंडी जिन्यावरून कुणी उतरून दाखवा, भिया, मग घेऊ.

पेटीवाला | इंदूर | १० जानेवारी, रात्री ९:३०

राजेंद्रनगरातल्या भजनी मंडळात पेटी वाजवतो. माझी गोष्ट जरा उलटी आहे. कुणाला तरी उपयोगी पडेल.

माझं एचबीए१सी ११.४ होतं आणि पायांना काही म्हणजे काही नव्हतं. घाबरून भात, पोळी, शेव सगळं सोडलं, इन्सुलिन सुरू झालं आणि तीन महिन्यांत ६.९ वर आणलं. मुलाने केक कापला (बिनसाखरेचा, भयंकर होता). त्यानंतर पंधरा दिवसांत पाय पेटले. रात्री उठून बादलीत पाय घालून बसायचो. बायको म्हणे, इन्सुलिनच तुम्हाला बाधलं, सोडा ते.

डॉक्टरांनी समजावलं की हे माहीत असलेलं प्रकरण आहे. खूप दिवस वर राहिलेली शुगर एकदम खाली ओढली की बारीक नसा अशा कळवळतात. जुने डॉक्टर त्याला 'इन्सुलिन न्यूरायटिस' म्हणत, पण दोष इन्सुलिनचा नसून वेगाचा. गोळ्यांनी किंवा उपासमारीनेही होतं. त्यांनी लगेच डोळ्यांचा पडदाही तपासून घेतला, कारण घाईने शुगर उतरली की तोही बिघडू शकतो. माझं ओसरायला वर्ष-सव्वा वर्ष लागलं.

याचा अर्थ शुगर वर ठेवा असा काढू नका. जिना उतरायचाच आहे, उड्या मारू नका, इतकंच.

अवांतर: पेटीवर उजव्या हाताचा अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट बधिर व्हायचं, करंगळी मात्र ठणठणीत. ती मनगटात दबलेली नस निघाली. रात्री पट्टी बांधून झोपतो. भजन चालू आहे, फक्त द्रुत लयीची भजनं आता दुसरा धरतो.

सराफ्याची_सून | इंदूर | २२ जानेवारी, रात्री ११:१५

सगळ्यांचे आभार. दवाबाजारवाले भाऊ, तुमच्या तोंडात साखर घालायची सोय नाही, म्हणून नुसतेच आभार. बी-१२ आलं १४२, प्रयोगशाळेच्या कागदावर निदान २०० हवं असं छापलंय. इंजेक्शनं सुरू झाली.

नसेसाठी आधी प्रेगाबालिन दिलं. झोप लागली, पण कशी? सकाळी अंगारकीची गर्दी डोक्यातून चालल्यासारखं. तव्यावर पोळी काळी झाली तरी मी बघत उभी. घोटेही सुजले. मी स्वतः बंद करणार होते, पण डॉक्टर म्हणाले एकदम सोडायचं नाही, कमी करत आणायचं. आता ड्युलॉक्सेटीन आहे. पहिले आठ दिवस मळमळ झाली, मग थांबली. जळजळ दहापैकी आठ होती, ती आता चारावर आहे. "निम्मं झालं तर औषध लागू पडलं समजा," असं ते म्हणाले. मी पूर्ण जाण्याची वाट बघत होते, ती सोडली. चारावर झोप लागते.

सासूबाईंना नमस्कार करायला लावला. वय ८१, तळवे असे जुळले की मधून उदबत्तीची काडी जाणार नाही. माझे बघितले आणि गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे इतकी वर्षं तुझा नमस्कार देवाला अर्धाच पोचत होता." त्या दिवसापासून भाकरी त्या थापतात. पटवायला दोन वर्षं बोलत होते, ते एका फटीने केलं.

निवृत्त_मास्तर | इंदूर | २३ जानेवारी, सकाळी ७:००

धागा चांगला आहे, पण एक विरोधी सूर लावतो. आता सगळंच शुगरवर ढकलू नका.

माझ्या मोठ्या भावाला मधुमेह. एकच पाय दुखायचा, कमरेपासून खाली कळ यायची. सहा महिने 'शुगरच्या नसा' म्हणून औषधं झाली, शेवटी मणक्यातली गादी सरकलेली निघाली. शुगरचा शिक्का एकदा बसला की दुसरं काही असू शकतं हे डॉक्टरही विसरतात आणि आपणही.

हाडवैद्य_नव्हे | वडोदरा | २३ जानेवारी, सकाळी ९:२०

मास्तर, शंभर टक्के अनुमोदन. एकाच बाजूला, एकाएकी, किंवा पाय लुळा पडत असेल, लघवी-संडासवरचा ताबा जात असेल, तर थांबू नका. ठराविक अंतर चाललं की पोटरीत गोळा येतो आणि उभं राहिलं की जातो, असं असेल तर नसेपेक्षा रक्तपुरवठा बघायला हवा.

आणि मधुमेह्याचं एक पाऊल लालसर, सुजलेलं, दुसऱ्यापेक्षा गरम असेल आणि फारसं दुखत नसेल, तर 'मुरगळलं असेल' म्हणून चालत राहू नका. आतली हाडं ढासळत असू शकतात. त्याच दिवशी दाखवा आणि तोवर त्या पायावर भार देऊ नका.

वहिनी_लष्करवाल्या | ग्वाल्हेर | २४ जानेवारी, रात्री १०:५०

तीन दिवस वाचतेय, लिहू की नको करत होते. फिजिओभाऊंनी वर लिहिलंय ना, पाण्याचा अंदाज दुसऱ्याने घ्यावा, त्याचं 'का' मी लिहिते.

आमच्या ह्यांचे पाय तीन वर्षं असेच जळायचे. ओलं फडकं गुंडाळून झोपायचे. मग एका वर्षी पावसाळ्यानंतर जळजळ कमी झाली, दसऱ्यापर्यंत गेलीच. आम्हाला वाटलं गुण आला. मी शेजारी पेढे वाटले. खरंच वाटले. डॉक्टरांकडे जाणंही बंद केलं, कशाला उगाच?

ग्वाल्हेरची जानेवारीतली थंडी इंदूरकरांना नाही कळायची. हे सिगडीजवळ खुर्ची घेऊन पेपर वाचत बसले होते. मी स्वयंपाकघरात फोडणी देत होते आणि मला वास आला, लोकर जळल्याचा. बाहेर आले तर ह्यांचा मोजा सिगडीला टेकलेला, धूर निघतोय, आणि हे शांतपणे पान उलटतायत. वास मला आला, ह्यांना पाय जळल्याचं कळलं नाही.

अडीच महिने पट्ट्या. करंगळी काढावी लागली. तिथे पहिल्यांदा कुणीतरी तळव्याला नायलॉनचा जाडसर दोरा टेकवून विचारलं, "कळलं का?" दहा जागांपैकी सात जागी ह्यांना कळलं नाही. जळजळ गेली नव्हती, कळणंच गेलं होतं.

त्यानंतरचीही एक सांगते. बूट घालून दिवसभर लग्नात हिंडले. रात्री बूट झटकला तर चिंचोका निघाला, तळव्याला त्याच्या मापाचा खळगा पडलेला. आता बूट घालण्याआधी मी हात घालून बघते, चार वर्षं झाली, एक दिवस चुकवला नाही. गरम पाण्याची पिशवी घरातून काढून टाकली. बोटांच्या बेचक्यांत तेल-क्रीम लावत नाही, कोरडं ठेवते. बूट संध्याकाळी विकत घेतो, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात, म्हणजे चावत नाहीत.

सून ताई, तुमचे पाय जळतायत याचं मला वाईट वाटतं. पण जळणं कमी झालं तर ते औषधाने की दुसऱ्या कशाने, एवढं दोरा लावून बघून घ्या.

भिया_पलासियावाले | इंदूर | २६ जानेवारी, दुपारी ४:०५

वहिनी, तुमचं वाचून वडिलांना खुर्चीत बसवलं आणि त्यांचे पाय मांडीवर घेतले. रोज सकाळी ऑफिसला निघताना पाया पडतो मी. पाय कधी बघितले नव्हते. उजव्या टाचेला उभी भेग, आत माती बसलेली, कडेला पू. "दुखत नाही रे," म्हणाले.

आज ड्रेसिंग करून आणलं. नखं यापुढे मी कापणार, सरळ रेषेत, कोपरे न खणता. वडील लाजतात, पण बघू.

पेटीवाला | इंदूर | २६ जानेवारी, रात्री ९:१२

भिया, तुझ्या जिलेबीवरच्या विनोदाला हसलो होतो, याला नाही हसलो. शाब्बास.

सराफ्याची_सून | इंदूर | ११ ऑक्टोबर, रात्री १०:३०

धागा वर काढतेय. व्यनि (खासगी निरोप) करून विचारणाऱ्यांना एकत्रच लिहिते.

बोट: एप्रिलमध्ये तळहातात स्टिरॉइडचं इंजेक्शन घेतलं. आधी सांगितलं होतं म्हणून घाबरले नाही, पण शुगर चार दिवस २८०-२९० ला जाऊन बसली, मग उतरली. बोट तीन महिने मोकळं होतं, जुलैत पुन्हा 'टक्'. शेवटी ऑगस्टमध्ये छोटी शस्त्रक्रिया केली. फक्त हात बधिर करतात, मी जागी होते. तो नेफा कापून मोकळा केला. पाव तासाचं काम. डॉक्टर म्हणाले, "आता बोट मिटा-उघडा," आणि तिथेच, टेबलावर, आवाजाशिवाय उघडलं. नर्सबाईंना मी दोनदा करून दाखवलं. जखम भरायला इतरांपेक्षा जरा जास्त दिवस लागले, टाके उशिरा काढले.

खांदा: सुटतोय. जानेवारीत पहिल्या फळीपर्यंत होता, आता तिसऱ्या फळीवरचा पोह्यांचा डबा निघतो. हुक अजून ह्यांच्याकडेच आहे. मानेचा पट्टा कपाटावरून मी स्वतः काढला आणि भंगारात दिला.

एचबीए१सी ७.४. पेटीवाले दादा, उड्या मारल्या नाहीत, नऊ महिने घेतले. गराडू मात्र सुटला नाही, थंडीत एकदा, दोघांत एक पळी.

पाय: जळजळ तीन-चारावर. वहिनी, तुमचं ऐकून दोरा लावून घेतला. डाव्या करंगळीखाली एक जागा आहे तिथे मला कळत नाही. बाकी नऊ ठीक. त्या एका जागेसाठी रोज रात्री मी आरसा धरते आणि हे मोबाइलचा टॉर्च. "लग्नात सप्तपदीला एवढा पाय बघितला नव्हता," असं रोज म्हणतात, तोच विनोद, रोज. काशाची वाटी बंद केली, त्या जागी घासून कातडी गेली तर कळायचं नाही. खजराण्याच्या गणपतीला सकाळी सहाला जाते, फरशी तापायच्या आत, मोजे घालून.

घरात आता मऊ एमसीआर रबराची चप्पल घालते. त्यावरून दोन दिवस महाभारत झालं, देवघरात आणि स्वयंपाकघरात चप्पल म्हणजे काय! तिसऱ्या दिवशी सासूबाईंनीच नवा जोड मागवला, गंगाजल शिंपडलं आणि सांगितलं, "ही सोवळ्यातली. मोरीत न्यायची नाही."

चकलीच्या ऑर्डरी या वर्षी घेतल्यात, निम्म्याच. सोऱ्या उजव्या हाताने फिरवते, दर अर्ध्या तासाने सूनबाई फिरवते.

वहिनी_लष्करवाल्या | ग्वाल्हेर | १२ ऑक्टोबर, सकाळी ९:४०

बरं वाटलं गं. ह्यांनी विचारलंय की पायथ्याच्या चौरंगाचं माप काय आहे? आमच्याकडचा टोचेल असं वाटतं, आणि ह्यांना टोचलेलं कळायचं नाही.

सराफ्याची_सून | इंदूर | १२ ऑक्टोबर, दुपारी २:२०

लांबी दीड हात, उंची वीत आणि चार बोटं. पाय उताणे ठेवले तर अंगठा वर लागत नाही एवढी उंची बघा. कडांना जुन्या रजईचा कापूस लावून वरून सुती पट्टी शिवलीय, खालच्या चारी पायांनाही. तुमच्या ह्यांच्यासाठी लाकडाऐवजी पुठ्ठ्याचा मोठा खोका दोन्हीकडून कापून ठेवलात तरी चालेल, टोचायचा प्रश्नच नाही. आम्हीही लक्ष्मीपूजनाला चौरंग देवघरात परत नेतो, तेव्हा त्या रात्रीपुरता मिठाईचा खोकाच असतो.